बुद्धप्रिया म्हणते, सहा

संघपाल हे लिहिणारच नव्हता. दोनदा मोबाईलवर टाईप करायला घेतलं आणि दोनदा अख्खं पुसून टाकलं. झालं ते वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, मग लिहायचं कशाला, असं स्वतःलाच सांगून गप बसला. खरं कारण वेगळं होतं. लिहायचं म्हटलं की राजशेखरचं नाव घ्यावं लागणार. आणि राजशेखरला तो आठवीपासून भाऊ मानत आलेला.

पण आता घेतलंच आहे तर पहिल्यापासून.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत राजशेखरच्या मामाचा टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्या मागं एक खोली. आधी तिथं सुताची पोती पडलेली असायची. तोच ह्या दोघांचा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चादरी ठोकलेल्या, डाग पडलेल्या, किनार चुकलेल्या, मामानं तशाच दिलेल्या. पण शेजारच्या मागांचा खडखडाट चादरींना कुठला जुमानतोय? म्हणून रेकॉर्डिंग करायचं ते फक्त कामगार जेवायला बसल्यावर. माग थांबले रे थांबले की राजशेखर कॅमेऱ्यापुढं उभा. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बरमुडा. "नमस्कार मंडळी, जगाची खबर, थेट सोलापुरातनं!" कामगारांनी हात धुवायच्या आत जगाची खबर संपली पाहिजे. एकदा मधेच माग सुरू झाले तर राजशेखर कॅमेऱ्यात बघत म्हणाला, "यप्पा, आपल्यावरच हल्ला झाला बे." तेवढा तुकडाच लोकांनी सगळ्यात जास्त बघितला.

लिहायचं काम संघपालचं. कॉलेज त्यानं मधेच सोडलेलं. इंग्रजी, नकाशे, एडिटिंग, सगळं मोबाईलवर बघून बघून शिकलेला. झटका आला की एका दमात पानंच्या पानं टाईप करणार, नाहीतर दिवसभर नुसता चहा.

त्यानं चॅनलला एक नियम घालून दिला होता. कोण म्हणतंय ते आधी, आकडा नंतर. युद्धाच्या बातम्या वाचून वाचून त्याला एक कळलं होतं, मेलेल्यांचा आकडा कधी एक नसतो. ज्यांच्यावर बाँब पडतो ते एक सांगतात, टाकणारे दुसरा सांगतात, लांबून बघणारे तिसराच. म्हणून नुसता आकडा तोंडातनं काढायचा नाही. आधी माणूस सांगायचा, मग आकडा. लोकांना हेच पटलं. सात रस्ता चौकात चहाच्या गाडीवर अनोळखी माणसं थांबून म्हणायची, "तुमी लोक कोण बोललं ते सांगताव की, म्हणून ऐकतो."

तर त्या देशातल्या युद्धावर ह्यांचे बरेच व्हिडिओ झाले होते. देशाचं नाव इथं घालत नाही. बुद्धप्रियाला अजून तिथंच भाकरी कमवायची आहे. तिचं नाव घातलंय ते तिला विचारूनच.

बुद्धप्रिया म्हणजे संघपालच्याच वस्तीतली. एका बाकावर बसून शिकलेली. नर्सिंग केलं आणि एजन्सीतर्फे तिकडं गेली, एका म्हातारीची सेवा करायला. म्हातारी पलंगाला खिळलेली. तिची नात दिवसभर कामाला, त्यामुळं घरात ह्या दोघीच. बुद्धप्रियानं एकदा तिला शेंगाचटणी चाखवली. म्हातारीच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. आणि दुसऱ्या दिवशी बोट दाखवून परत तीच मागितली. तो फोटो संघपालच्या मोबाईलमध्ये अजून आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी संघपालला तिचा आवाज आला, व्हॉट्सॲपवर. लांबलचक. तो चपलेत एक पाय घालून तसाच उंबऱ्यात बसून ऐकत राहिला.

"संघ्या, आयकतोयस का. आमची बिल्डिंग पडली रे. आजी गेली. मी खाली औषध आणायला गेलते, गल्लीच्या तोंडाला. आवाज झाला तवा मला वाटलं दुसरीकडं कुटंतरी हाय. मागं बघितलं तर आमचा जिनाच न्हाय." मग नुसतं रडणं. मग नाक ओढल्याचा आवाज. "सहा जणं मी माझ्या डोळ्यांनी बघितली. सहाच. त्यात आजी." परत रडणं. "मग आमाला मागं रेटलं. म्हणले अजून एक पडंल. तळघरात समदी जमली व्हती रे. खालच्या मजल्यावरची पोरं, बायका. ते तसंच हाय अजून, कुणी उकरलं न्हाय. किती हायत, म्हाईत न्हाय मला. हितले रेडिओवाले चाळीस म्हणत्यात. टाकणारे म्हणत्यात, तितं साधं माणूस कुणी नव्हतंच. मग आमची आजी कोण व्हती? तिला संडासलाबी मी उचलून न्ह्यायचे."

नंतर फोनवर ती जरा सावरली होती. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. आवाज व्हिडिओत घाला, पण माझं नाव-फोटो नको. आईला हे रडणं ऐकवू नको, तिला झोप लागणार नाही. आणि रविवारी आपल्या विहारात आजीच्या आणि त्या तळघरातल्या लोकांच्या नावानं वंदना घ्या, आपण आपल्या माणसांसाठी घेतो तशी. "हितं त्यांच्यात काय करत्यात ते मला येत न्हाय रे," ती म्हणाली, "मला येतंय तेवढं तरी व्हऊ दे."

"घेतो की," संघपाल म्हणाला.

त्यानं त्याच बैठकीत लिहून काढलं. रेडिओवाले म्हणतात चाळीस. बाँब टाकणारे म्हणतात, हत्यारांचा साठा होता, सामान्य कुणी नव्हतं. तिथं काम करणारी आपल्याकडची एक मुलगी म्हणते, सहा बघितले, तळघर अजून बंद आहे. तिन्ही आकडे, तिन्ही माणसं. आवाजाची फाईल राजशेखरला पाठवली. बजावून सांगितलं, नाव नाही, फोटो नाही. राजशेखरनं अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी मोडनिंबला चुलतभावाचा साखरपुडा होता. जेवणं उरकून संघपाल परतीच्या एसटीत बसला. खिडकी तापलेली, गाडी खच्चून भरलेली. डोळा लागत होता एवढ्यात शेजारच्या माणसाच्या मोबाईलमधनं बुद्धप्रियाचा आवाज आला.

"सहा जणं मी माझ्या डोळ्यांनी बघितली. सहाच."

आणि मागोमाग राजशेखर. "ऐकलंत मंडळी? कोण म्हणतंय? आपल्या सोलापूरची बुद्धप्रिया म्हणते. चाळीस नाही, सहा! मग बाकीचे चौतीस कुठनं आणले?"

स्क्रीनवर तिचा नर्सच्या कपड्यातला फोटो, फेसबुकवरनं उचललेला. खाली इंग्रजीत भाषांतर पळतंय.

शेजारचा माणूस खुशीत होता. म्हणाला, "बघा, आपली पोरगी किती धीट. सगळी दुनिया खोटं बोलती आणि ही एकटी खरं बोलली."

संघपालला बोलायचं होतं. त्याचाच नियम त्याच्याच मित्राच्या तोंडून. कोण म्हणतंय ते आधी, आकडा नंतर. बरोबर क्रमानं, एकही शब्द न बदलता. फक्त तिचं रडणं कापलेलं, आणि रडण्याबरोबर तळघर.

स्टँडवरनं तो थेट कारखान्यावर गेला. दुसऱ्या पाळीच्या कामगारांची जेवणाची सुट्टी चालू होती, माग गप होते. राजशेखर मोबाईल बघत पंख्याखाली बसलेला. ह्याला बघून उठला, मिठीच मारली.

"संघ्या, बघितलास का बे? पुण्याच्या न्यूज चॅनलवाल्यांचा फोन आलता! म्हणाले, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत."

"तिचं नाव का टाकलंस?"

"नाव न टाकता कोण विश्वास ठेवतंय? कोण म्हणतंय ते आधी. तूच शिकवलास की."

"आणि तळघर?"

"ते ऐकवत नव्हतं बे. रडतीय, नाक ओढतीय. लोक पुढं ढकलतात. मी एक शब्द तरी बदललो का? सांग. तिचेच शब्द हायत ना?"

"तिचेच हायत. निम्मे."

राजशेखर हसला. "निम्मेच असतात बे सगळ्यांचे. आपण काय कोर्टात हाय का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि खरं सांगू का, मला पटलंय ते. दर वेळी चाळीस, पन्नास. फुगवतात लोक. खाली हत्यारं होती म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"टाकणारे."

"बरं, असतील. मग वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं काय?"

"निघायचं की तिनं. आधी पत्रकं टाकली होती म्हणे, घरं सोडा म्हणून."

"तिला पलंगावरनं उठता येत नव्हतं, राज्या."

राजशेखरनं पायातली चप्पल काढली, परत घातली. "युद्ध हाय बे ते. बाँब काय दार वाजवून आत येतोय का? समोरच्यांनी आधी टाकणाऱ्यांची माणसं मारली, ती काय माणसं नव्हती? तेव्हा का नाही रडली तुझी बुद्धप्रिया?"

"रडली होती. त्यांच्या बसवरच्या हल्ल्याचा व्हिडिओ आठव. तिनंच सांगितलं होतं पहिलं. तूच बोललास, इथंच उभा राहून."

"मग झालं की, दोन्हीकडचं झालं."

"काढ तो व्हिडिओ."

"नाही काढत."

संघपालनं स्वतःचा मोबाईल काढला. चॅनल उघडेना. पासवर्ड चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. मान वर केली तर राजशेखर दुसरीकडं बघत होता. सकाळीच बदलला होता त्यानं. म्हणजे त्याला माहीत होतं की हा येणार, भांडणार, काढायला लावणार. म्हणजे चूक नव्हती ती. सगळं ठरवून होतं. आणि तरी आल्या आल्या मिठी मारली होती.

हे संघपालला सगळ्यात जास्त लागलं. ती मिठी.

"तू मला बाहेर काढलास?"

"थोडे दिवस बे. शांत झालास की देतो."

संघपाल ओरडला. पोटातनं, सगळं, आठवीपासूनचं. आणि नेमके तेवढ्यात शेजारी हात धुऊन माणसं कामाला लागली आणि माग सुरू झाले. खडखडखडखड. आईबहिणीवरनं दिलेल्या शिव्या, त्याचं रडणं, काहीच ऐकू जाईना. राजशेखरनं कानाला हात लावून दाखवलं, ऐकू येत नाही. मग खांदे उडवले. चादरी ठोकलेल्या त्या खोलीत दोघं समोरासमोर तोंडं हलवत उभे राहिले, आणि संघपाल निघून आला.

बुद्धप्रियाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाज कोरडा ठणठणीत.

"आजीच्या नातीनं बघितला व्हिडिओ. कुणीतरी पाठवला तिला. खालचं इंग्रजी वाचली. मला म्हणली, तू आमच्या घरात जेवत व्हतीस ना?"

"बुद्धे, मी न्हाय केला. राज्यानं..."

"तिची मैतरीण त्या तळघरात हाय, संघ्या. अजून आत हाय. मी काय सांगू तिला, आमच्या गावात असंच एडिटिंग करत्यात म्हणून?"

ती थांबलीच नाही.

"चाळीस म्हणलं तर लोक म्हणत्यात खोटं हाय. सहा म्हणलं तर म्हणत्यात, एवढंच ना. मग किती म्हणू रे? किती म्हणलं की माणसाला वाईट वाटतंय? आणि सहाच असते तरी, आकडा कमी निघाला म्हणून टाकणारा सुटला व्हय? आजी त्या सहात हाय."

"मी काहीतरी करतो."

"तुला दिलता मी आवाज. राजशेखरला न्हवता दिला." आणि फोन कट. नंतर त्यानं कितीतरी वेळा लावला. उचलला नाही.

रविवार उजाडला. विहारात सतरंज्या टाकल्या होत्या, मूर्तीपुढं मेणबत्त्या मांडल्या होत्या. पांढऱ्या साड्या नेसून बायका आल्या. सगळ्यांत पुढं बुद्धप्रियाची आई, येसूबाई. आयुष्य विड्या वळण्यात गेलेली बाई, पण त्या दिवशी ताठ बसली होती. येणारा जाणारा तिला म्हणत होता, "जयभीम मावशी, बघितलं की तुमच्या लेकीला! नाव काढलं वस्तीचं." ती मान डोलवत होती. तिनं व्हिडिओ शेजारणीच्या मोबाईलवर बघितला होता. तिच्या लेखी लेक जगाला खरं सांगून आली होती.

विहाराचं सगळं धर्मपालकाका बघतात. एसटीत कंडक्टर होते, अजून माणसांना रांगेतच बसवतात. माईक हातात घेऊन त्यांनी संघपालला जवळ बोलावलं.

"वंदना कुणाच्या नावानं घ्यायची, सांग."

"बुद्धप्रिया सांभाळायची त्या आजीच्या. आणि तळघरात गेलेल्यांच्या."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुठलं तळघर? तुझ्याच चॅनलवर तर सांगितलंय, सहाच गेले, बाकी समदं खोटं. म्या दोनदा बघितला. आता तू म्हणतोस अजून हायत. अरे, हितं नाव पुकारून वंदना घेतो आपण. न मेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन घ्यायचं का? उद्या कुणी हसलं तर?"

मागनं एक पोरगा म्हणाला, "काका, व्हिडिओ खरा का संघ्यादादा खरा?" दोघंतिघं हसले.

खरं काय ते संघपालच्या खिशात होतं, मोबाईलमध्ये. पण त्यात तिचं रडणं होतं, आणि आईला ऐकवू नको म्हणून तिनं बजावलं होतं. आधीच तिचा एक शब्द मोडला गेला होता. आता दुसरा त्यानं स्वतःच्या हातानं मोडायचा? आणि नाही मोडला तर ती कायमची सहाच म्हणत राहणार, आपल्याच वस्तीत, आपल्याच विहारात.

त्यानं तिथनंच परत फोन लावला. वाजून वाजून बंद पडला.

मग तो जाऊन येसूबाईपुढं बसला.

"मावशी, व्हिडिओत हाय तेवढंच ती बोलली न्हाय. पुढचंमागचं कापलंय. माझ्याकडं पुरं हाय. पण ती म्हणली, आईला आयकवू नको. रडलीय लई. आता फोन उचलत न्हाय. मी काय करू तुमीच सांगा."

येसूबाई त्याच्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू उतरला, तो बघवेना.

"कापलंय? म्हंजे मी चार दिस जे मिरवत्ये ते..."

"व्हय मावशी."

तिनं पदर सारखा केला. "तिचं रडणं मला काय नवीन हाय का रं? पाळण्यापासनं आयकत्ये. लाव. तिला मी सांगते, मीच लाव म्हणले म्हणून."

काकांनी माईक मोबाईलला लावला. सगळा आवाज विहारभर गेला. रडणं, नाक ओढणं, मधली शांतता. 'सहाच' आलं तेव्हा लोकांनी एकमेकांकडं बघितलं, हे तर ऐकलंय म्हणून. मग तळघर आलं. पोरं, बायका आली. 'म्हाईत न्हाय मला' आलं. 'तिला संडासलाबी मी उचलून न्ह्यायचे' आलं आणि येसूबाईनं तोंडात पदर कोंबला.

संपल्यावर हसलेला पोरगा खाली बघत होता.

धर्मपालकाकांनी माईक काढून घेतला. दोनदा खाकरले. "आकडा आपल्याला म्हाईत न्हाय. तिलाबी म्हाईत न्हाय, आणि ती तसं म्हणली. आजीच्या नावानं घेऊ, आणि आत जेवढे असतील तेवढ्यांच्या नावानं. उभे राहा समदे."

सगळे उभे राहिले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. 'पाणातिपाता वेरमणी' म्हणताना काकांचा आवाज जरा थांबला. जीव घेण्यापासून दूर राहीन. रोजचेच शब्द. संघपालनं लहानपणापासून ते पाठ म्हटले होते, त्या दिवशी पहिल्यांदा अर्थ लावत म्हटले.

दुपारी बुद्धप्रियाचाच फोन आला. येसूबाईनं शेजारणीच्या मोबाईलवरनं तिला गाठलं होतं.

"आईला आयकवलंस."

"व्हय. तुझा शब्द मोडला मी."

"आई काय म्हणली?"

"मला म्हणली, जेवलीय का इचार तिला."

पलीकडनं हसल्यासारखा आवाज आला, रडल्यासारखासुद्धा. मग ती म्हणाली, नातीला आज संध्याकाळी पूर्ण आवाज ऐकवणार आहे, एकेक वाक्य थांबवून अर्थ सांगणार आहे. ऐकून घेईल की नाही, माहीत नाही. राजशेखरचा व्हिडिओ अजून पळतोच आहे. एजन्सीनं तिला समज दिली आहे. त्यातलं काहीच मिटलेलं नाही.

"राजशेखरचा फोन आलता का तुला?" तिनं विचारलं.

"मेसेज आलाय. रागवू नको बे, म्हणतोय."

"मग?"

"रागावलो न्हाय. पण आता त्याचं नाव घेताना आधी इचार करावा लागतो. असं आधी नव्हतं."

तिच्या मागं कुठंतरी भांडी वाजत होती, तिकडची.

"बुद्धे," संघपाल म्हणाला, "मी हे समदं लिहून काढतो. तुझं बोलणं हाय तसं. तू रडलीस तितं रडली म्हणून लिहीन, म्हाईत न्हाय म्हणलीस तितं म्हाईत न्हाय असंच ठेवीन. आधी तुला पाठवीन, तू नातीला दाखव. तुमी दोघी व्हय म्हणल्याबिगर एक ओळ बाहेर जाणार न्हाय. आणि ह्या वेळी माझ्या आणि तुझ्या मधे दुसरं कुणी नसंल. हा माझा शब्द."